दूरचें गिऱ्हाईक

लिलावांत बोली करून मग मागें फिरणारें गिऱ्हाईक हें कांहीं आजच्या काळाचें अपत्य नव्हे. १७८९ सालीं इंग्लंडांतील किंग्ज बेंच न्यायालयापुढें पेन विरुद्ध केव्ह या नांवाचा एक लहानसा खटला आला होता. दारू गाळण्याच्या भट्टीचें पिंप व त्यांतील धातूची वेटोळी नळी लिलावांत निघाली होती. केव्ह नांवाच्या गृहस्थानें ४० पौंडांची बोली केली आणि त्यापुढें कोणी जाईना. तेवढ्यांत धातूच्या वजनाची गोष्ट निघाली. या वजनाची हमी देतां काय, असें गृहस्थानें विचारलें. लिलाव पुकारणारा हमी देईना. झालें, हातोडा पडण्यापूर्वींच गृहस्थानें आपली बोली मागें घेतली. पुढें तीच वस्तु ३० पौंडांस गेली आणि दहा पौंडांच्या तुटीबद्दल विकणाऱ्यानें फिर्याद केली. न्यायालयानें ती फेटाळली. बोली हा नुसता प्रस्ताव होय. हातोडा पडेपर्यंत तो मागें घेण्यास बोली करणारा मुखत्यार आहे, असा निकाल झाला. हिंदुस्थानच्या १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांत ६४ व्या कलमांत हेंच तत्त्व घातलेलें आहे. गांवच्या लिलावांत ‘दोन वार’ आणि ‘तीन वार’ यांच्यामध्यें जी क्षणाची उसंत असते, ती अशी कायद्यानेंच राखून ठेविलेली आहे.

या खटल्यांत एक गोष्ट तरी बरी होती. विकणारा, घेणारा आणि वस्तु हीं तिन्ही एका छपराखालीं होतीं. नळी डोळ्यांपुढें होती, गृहस्थाचा चेहरा दिसत होता, तो फिरला तर वस्तु जागच्या जागीं राहत होती. व्यवहार दूरचा झाला कीं हें सुख संपतें. घेणाऱ्यास माल दिसत नाहीं, विकणाऱ्यास पैसा दिसत नाहीं, आणि मधल्या वाटेवर माल ज्या तिसऱ्याच्या हातीं असतो त्याला दोघांपैकीं कोणाचेंहि सोयरसुतक नसतें. दूरच्या व्यापाराचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं एकाच प्रश्नाचा इतिहास आहे: वाटेंत झालेलें नुकसान कोणीं सोसावयाचें?

पत्त्यांतील एका चुकीनें काय होतें याचा दाखला १८१७ सालचा आहे. लोकरीच्या एका व्यापाऱ्यानें २ सप्टेंबर रोजीं ब्रॉम्सग्रोव्ह येथील कारखानदारांस पत्र लिहून अमुक भावानें लोकर देऊं केली व उलट टपालीं उत्तर मागितलें. ब्रॉम्सग्रोव्ह आहे वुस्टरशायर परगण्यांत. पत्रावर परगणा लिहिला लेस्टरशायर! पत्र भटकत भटकत ५ तारखेस पोंचलें. कारखानदारांनीं त्याच संध्याकाळीं होकार धाडला. तो ९ तारखेस पोंचला. पण वाट पाहून कंटाळलेल्या व्यापाऱ्यानें आदल्याच दिवशीं लोकर दुसऱ्यास विकून टाकली होती. १८१८ सालीं अॅडम्स विरुद्ध लिंडसेल या खटल्यांत न्यायालयानें ठरविलें कीं, होकाराचें पत्र टपालांत पडलें त्या क्षणींच करार पुरा झाला. चूक पत्ता लिहिणाऱ्याची, म्हणून नुकसानहि त्याचेंच. कायदेपंडित आजहि या निकालावर वाद घालतात, परंतु ज्याची चूक त्याचा भुर्दंड हा त्यांतील व्यवहार कोणासहि पटण्यासारखा आहे.

कोणाचीच चूक नसेल तर मात्र प्रश्न बिकट होतो. गलबत बुडालें, गाडी उलटली, गाठोडें चोरीस गेलें, तर काय करावें? या देशांतील सराफांनीं त्यावर फार जुन्या काळीं एक उपाय शोधला होता. त्याचें नांव जोखमी हुंडी. पाठविलेल्या मालाच्या आधारावर ही हुंडी लिहिली जाई, आणि माल सुखरूप पोंचला तरच ती पटविण्याची जबाबदारी येई. माल वाटेंत बुडाला तर हुंडीहि बुडाली. हुंडी विकत घेणारा सराफ जोखमीचा मोबदला आधींच कापून घेत असे. हुंडी आणि विमा हे दोन व्यवहार एकाच कागदावर बसविणारी ती बुद्धि खरोखर कौतुकास्पद होय. जोखीम नाहींशी होत नाहीं हें त्या लोकांनीं ओळखलें होतें. ती कोणाच्या तरी खांद्यावर पडणारच, तर ती किंमत ठरवून आणि उघडपणें पडावी, एवढीच त्यांची धडपड होती.

इंग्रजी कायद्यानें दुसरी वाट धरली. विकणाऱ्यानें माल वाहतूकदाराच्या हवालीं केला म्हणजे तो घेणाऱ्याच्याच हवालीं केला असें धरावें, असा त्याचा सामान्य नियम आहे, आणि १९३० च्या कायद्याच्या ३९ व्या कलमांत तो आपल्याकडेहि आला. अर्थात् निराळा करार नसेल तर वाटेंतली जोखीम साधारणपणें घेणाऱ्याची. विकणाऱ्यानें माल नीट बांधावा, भरंवशाच्या माणसाकडे द्यावा, पावती घ्यावी. त्याचें काम संपलें.

कायदा असा विकणाऱ्याच्या बाजूचा असतां व्यवहाराचा प्रवाह मात्र उलट वाहत गेला. त्याचा हिंदुस्थानांतील पहिला मोठा टप्पा १८७७ सालीं आला. त्या सालीं टपालखात्यानें व्हॅल्यू पेएबल, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेली व्ही. पी., सुरू केली. पोस्टमननें पार्सल दारीं न्यावें, किंमत वसूल करावी, मग पार्सल हातीं द्यावें, आणि ती रक्कम पाठविणाऱ्याकडे पोंचती व्हावी, अशी ही व्यवस्था होती. रत्नागिरीकडच्या खेड्यांतील शिक्षकास पुण्याचा ग्रंथ आणि वऱ्हाडांतील वैद्यास मुंबईचें औषध मागविण्याची वाट तिनें मोकळी केली. मराठी ग्रंथप्रकाशनाचा विस्तार जसा छापखान्यानें केला तसाच तो व्ही. पी.नेंहि केला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु व्ही. पी.स एक काळी बाजू होती आणि ती प्रकाशकांस पक्की ठाऊक होती. कार्ड लिहून पुस्तक मागविणाऱ्या गृहस्थाचा उत्साह पोस्टमन दारांत उभा राहीपर्यंत टिकेलच असें नसे. महिनाअखेर असे, गृहस्थ परगांवीं गेलेले असत, कधीं घरांतील वडील मंडळींस मुलानें मागविलेली कादंबरी पसंत नसे. पार्सल ‘घेण्याचें नाकारलें’ असा शेरा लेवून परत येई. जाण्याचें टपालहांशील वाया जाई, आणि पुस्तकाचे कोपरे दुमडलेले असत ते निराळेच. म्हणून जुन्या मासिकांतून व्ही. पी. परत न करण्याची विनवणी पुनःपुन्हा छापलेली आढळते. नाकारणारास दंड नव्हता, त्याचें नांव कोठें जाहीर होत नव्हतें. विकणाऱ्याजवळ उपाय एकच होता: आपल्या वहींत त्या नांवापुढें फुली मारून ठेवणें.

नाकारलेल्या मालानें एकाचें नशीब काढल्याचीहि नोंद आहे. १८८६ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत एका जवाहिऱ्यानें शिकागोहून आलेली घड्याळांची पेटी घेण्याचें नाकारलें. रिचर्ड सिअर्स हा तरुण तेथील रेल्वेस्टेशनावर एजंट होता. त्यानें तींच घड्याळें आपण घेतलीं व लाइनीवरील इतर एजंटांस विकलीं. त्यांतून टपालानें माल विकणारी सिअर्स, रोबक ही अवाढव्य पेढी उभी राहिली. तिच्याहि आधीं, १८७२ सालीं, अॅरन माँटगोमेरी वॉर्ड यानें शिकागोंत एका पानाची यादी छापून हा धंदा सुरू केला होता, आणि माल पसंत न पडल्यास पैसे परत देण्याचें वचनहि त्यानेंच लौकर रूढ केलें. हें वचन मोठ्या पेढीस परवडतें. हजार पार्सलांमागें वीस परत आलीं तर तो तोटा उरलेल्यांच्या किमतींत मुरून जातो. ज्याच्यापाशीं विकावयास एकच घड्याळ आहे त्याचें काय? हा प्रश्न त्या वेळीं कोणास पडला नाहीं, कारण एकच घड्याळ विकणारा माणूस दूरच्या बाजारांत त्या वेळीं क्वचितच उतरत असे.

तो उतरला १९९५ सालीं. पिअर ओमिद्यार हा इराणी आईबापांच्या पोटीं पॅरिसला जन्मलेला अठ्ठावीस वर्षांचा तरुण कॅलिफोर्नियांत संगणकाचें काम करीत असे. त्या वर्षीच्या सप्टेंबरांत, सुटीच्या दिवसांत, त्यानें घरीं बसून इंटरनेटवर लिलावाची एक जागा तयार केली. प्रथम तिचें नांव ऑक्शनवेब होतें. १९९७ सालीं ती ईबे या नांवानें प्रसिद्धीस आली. तेथें विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे लेसर किरणांचा एक मोडका दर्शक. तो १४ डॉलर ८३ सेंटांस गेला. तो मोडका आहे हें ध्यानांत आलें ना, असें ओमिद्यारनें घेणाऱ्यास मुद्दाम विचारलें, तेव्हां आपण मोडके दर्शकच जमवितों असें त्याचें उत्तर आलें! या बाजाराचा पायाच असा विकणाऱ्याच्या सचोटीच्या प्रश्नानें घातला गेला, ही योगायोगाची गोष्ट असली तरी लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

थोड्याच महिन्यांत तंटे सुरू झाले. पैसे धाडले पण वस्तु आली नाहीं, वस्तु आली ती निराळीच आली, बोली जिंकणारा गृहस्थ पुढें बोलेनासाच झाला. असलीं गाऱ्हाणीं ओमिद्यारकडे येऊं लागलीं. प्रथम तो स्वतः मध्यस्थी करी. पण हें काम त्याच्या आवाक्याबाहेर जाऊं लागलें. तेव्हां १९९६ च्या फेब्रुवारींत त्यानें एक युक्ति काढली. बहुतेक माणसें प्रामाणिक असतात, कांहीं नसतात, तेव्हां एकमेकांविषयींचा अनुभव सर्वांनीं उघड लिहावा, असें त्यानें आपल्या गिऱ्हाइकांस पत्रानें कळविलें. चांगल्या अनुभवास एक गुण अधिक, वाईटास एक उणा, मध्यमास शून्य. ज्याचे दहा गुण जमले त्याच्या नांवापुढें पिवळा तारा झळके. पेढीवरच्या वहींतील फुली अशी चव्हाट्यावर आली. मुख्य म्हणजे ती दोन्ही बाजूंची होती. विकणारा घेणाऱ्यास आणि घेणारा विकणाऱ्यास गुण देई. नादार बोलीदाराची कीर्ति त्याच्यापुढें चालूं लागली.

ही पत नुसती शोभेची नव्हती. जुनीं चित्रकार्डें विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्यानें संशोधकांच्या मदतीनें एक प्रयोग केला. सारख्याच प्रतीचीं कार्डें त्यानें कांहीं आपल्या जुन्या नांवानें व कांहीं नव्या, अनोळखी नांवांनीं लिलावांत ठेवलीं. पॉल रेझ्निक व रिचर्ड झेकहाउसर प्रभृतींनीं २००६ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. जुन्या नांवासाठीं लोक सुमारें आठ टक्के अधिक मोजावयास तयार होते. ‘पत हीच पुंजी’ असें बाजारांत म्हणतात, त्या पुंजीचा व्याजदरच जणूं येथें हातीं लागला.

पण त्याच संशोधकांनीं १९९९ सालच्या व्यवहारांचें जें निरीक्षण केलें होतें त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. अभिप्राय देणाऱ्या घेणाऱ्यांपैकीं शंभरांत नव्याण्णव जण समाधानी होते. इतका सद्गुणी बाजार भूतलावर कोठें असेल? खरें कारण निराळें होतें. वाईट लिहिलें तर समोरचाहि वाईट लिहील ही भीति. फसलेलें गिऱ्हाईक गप्प बसे, कारण त्यालाहि आपला तारा प्यारा होता. कांहीं विक्रेते तर गिऱ्हाईक आधीं काय लिहितें याची वाट पाहत बसत. त्यानें निंदा केली कीं उलट निंदा तयार. दुधारी शस्त्र दोघांच्या हातीं दिलें म्हणजे पुष्कळदां शांतता नांदते, पण ती शांतता न्यायाची असतेच असें नाहीं.

२००८ च्या जानेवारींत कंपनीनें यावर उपाय जाहीर केला आणि मे महिन्यापासून तो अंमलांत आला. विकणाऱ्यानें घेणाऱ्याविषयीं वाईट किंवा मध्यम अभिप्राय लिहिण्याचा अधिकार काढून घेण्यांत आला. त्यानें लिहावयाचें तर चांगलेंच लिहावें. विक्रेत्यांत मोठी खळबळ उडाली. फीच्या दरांत त्याच सुमारास केलेला बदलहि त्यांना बोंचत होता. १८ फेब्रुवारीपासून आठवडाभर पुष्कळांनीं आपला माल बाजारांतून उठवून संप पुकारला. नियम मात्र बदलला नाहीं.

या नियमाचा हेतु वाईट होता असें म्हणतां येणार नाहीं. भ्यालेलें गिऱ्हाईक खरें बोलूं लागावें हा तो हेतु. परंतु त्यासाठीं दुसऱ्या पक्षाचें तोंडच बंद करणें हा अजब न्याय झाला. विकणाऱ्याच्या हातीं त्यानंतर उरलें तें एवढेंच: पैसे न देणाऱ्याची तक्रार कंपनीकडे करावी, आणि त्रासदायक नांवें आपल्यापुरतीं बंद करून ठेवावीं. फुली पुन्हा खासगी वहींत परतली. एका विक्रेत्यास नाडलेलें गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारीं निष्कलंक उभें राहूं लागलें. मोठ्या पेढीस याची फिकीर नव्हती. एखादी विधवा पतीचे कॅमेरे विकीत असेल, एखादा पेन्शनर जुनीं नाणीं विकीत असेल, त्यांना एक खोटी तक्रार म्हणजे महिन्याची मिळकत. कॅमेरा चालत नाहीं म्हणून गिऱ्हाइकानें परत धाडावा आणि पेटींतून निघावा तो त्याचा स्वतःचा जुना, बिघडलेला. असे प्रकार घडूं लागले, तेव्हां वस्तूवरील अनुक्रमांकाचें छायाचित्र घेतल्याखेरीज पार्सल बांधूं नये असें अनुभवी विक्रेते नवख्यांस शिकवूं लागले.

पैशाची वाटहि तोंवर बदलली होती. पहिल्या वर्षांत चेक किंवा मनीऑर्डर टपालानें येई, आणि चेक वटेपर्यंत विकणारा माल दाबून ठेवी; पैसा पुढें, माल मागें. २००२ सालीं ईबेनें सुमारें दीड अब्ज डॉलरांस पेपाल ही कंपनी घेतली आणि पैसा क्षणांत मिळूं लागला. पण जो क्षणांत येतो तो क्षणांत अडकतोहि. माल मिळाला नाहीं अशी तक्रार होतांच रक्कम गोठविली जाई, आणि माल पोंचल्याचा पुरावा विकणाऱ्यानें द्यावयाचा. वाहतूकदाराच्या दप्तरांतील नोंद, मोठ्या रकमेच्या वस्तूस घेणाऱ्याची सही, हें असेल तरच त्याची बाजू टिके. पुढें कंपनीनें पैसे परत देण्याची सर्वसाधारण हमीच घेणाऱ्यांस दिली. वाहतूकदाराच्या हवालीं केला म्हणजे घेणाऱ्याच्या हवालीं केला, हें ३९ व्या कलमांतील तत्त्व कायद्याच्या पुस्तकांत तसेंच राहिलें. बाजारानें आपल्या अटींनीं तें उलटें करून टाकलें. ‘निराळा करार नसेल तर’ असें कायदा म्हणतो, आणि निराळा करार तर प्रत्येक विक्रेता बाजारांत पाऊल टाकतांनाच, बहुधा न वाचतां, मान्य करून बसलेला असतो.

विक्रेते सारेच साधुसंत होते असें मात्र कोणी समजूं नये. कंपनीची दलाली वस्तूच्या किमतीवर असे, टपालखर्चावर नसे. चतुर मंडळींनीं लगेच वस्तु एका सेंटास आणि टपालखर्च वीस डॉलर असा हिशोब मांडावयास सुरुवात केली! २०११ सालीं कंपनीनें टपालखर्चावरहि दलाली बसविली, तेव्हां कोठें हा प्रकार आटोक्यांत आला. अर्थात् प्रामाणिकपणें टपालखर्च घेणाऱ्यासहि ती दलाली भरावी लागली.

मुंबईंत २००० सालीं अवनीश बजाज व सुवीर सुजन यांनीं बाझी डॉट कॉम ही लिलावाची पेढी काढली होती. २००४ सालीं ईबेनें ती सुमारें पांच कोटि डॉलरांस घेतली. येथें पैसापे नांवाची व्यवस्था होती: घेणाऱ्याचे पैसे मध्यस्थाकडे राहत आणि माल पोंचल्यावर विकणाऱ्यास मिळत. जोखमी हुंडीच्या देशास ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नव्हतें. पण गिऱ्हाइकाचा जीव आधीं पैसे देण्यांत रमेना. २०१० सालीं फ्लिपकार्टनें माल दारांत आल्यावर पैसे घेण्याची पद्धत सुरू केली आणि ती सगळीकडे पसरली. १८७७ ची व्ही. पी. नवा पोशाख करून आली, आणि तिच्याबरोबर नाकारलेलीं पार्सलेंहि आलीं. दोन्ही बाजूंचें वाहतुकीचें भाडें पुष्कळदां विकणाऱ्याच्याच खातीं पडूं लागलें. २०१७ सालीं ईबेचा हिंदुस्थानांतील धंदा फ्लिपकार्टकडे गेला व १४ ऑगस्ट २०१८ रोजीं तें दुकान बंद झालें.

परदेशीं माल विकणाऱ्या येथील कारागिरांची व संग्राहकांची वाट मात्र चालूच राहिली, आणि तिच्यावर टपालाच्या जोडीला जकात उभी होती. जकातीच्या कागदावर ‘भेटवस्तु’ असें लिहावें आणि किंमत कमी दाखवावी, अशी गळ परदेशचें गिऱ्हाईक विकणाऱ्यास कित्येकदां घालतें. जकात वांचते ती गिऱ्हाइकाची. खोट्या कागदावर सही असते ती विकणाऱ्याची. अमेरिकेपुरता हा मोह कमी होता, कारण २०१६ पासून तेथें ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलास जकात माफ होती. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती माफी उठली. जकात कोणीं व कशी वसूल करावयाची याचाच उलगडा होईना, म्हणून चार दिवस आधींच भारतीय टपालखात्यानें अमेरिकेस जाणारीं बहुतेक पार्सलें घेण्याचें थांबविलें. विकलेला माल घरांत, मुदत उलटत चाललेली आणि समुद्रापलीकडे चौकशीवर चौकशी करणारें गिऱ्हाईक, अशा अवस्थेंत लहान विक्रेत्यांचे सात आठवडे गेले. १५ ऑक्टोबर २०२५ रोजीं ही सेवा पुन्हा सुरू झाली. नव्या व्यवस्थेंत अमेरिकेची जकात पार्सल देतेवेळींच, येथल्या टपालकचेरीच्या खिडकीवर, पाठविणाऱ्याकडून आगाऊ घेण्याचें ठरलें.